तळटिपेतले तळेगाव

मळवली स्टेशनातून कार्ल्याकडे निघाले की इंद्रायणी ओलांडावी लागते. हीच नदी पुढे देहू-आळंदीला जाते. तिच्या काठच्या मावळाने मराठी छपाईच्या एका थोर कामाला हातभार लावला आहे: मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ छापखान्याने १८६९ साली छापायला घेतलेली तुकोबांची गाथा.

गोव्यात छापखाना आला तो १५५६ मध्येच. तुकोबांचे अभंग मात्र दोन शतकांहून अधिक काळ वह्यांत आणि कीर्तनकारांच्या मुखी राहिले. नक्कल करताना कुठे शब्द बदले, कुठे अभंग गळे, कधी दुसऱ्याचाच आत शिरे. दोन गावच्या वह्या शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय कितीजणांना असणार?

मुंबई सरकारने या कामासाठी चोवीस हजार रुपये दिले. शंकर पांडुरंग पंडित आणि विधवाविवाहासाठी झगडणारे विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या पोथ्या जमवल्या आणि साडेचार हजारांवर अभंग सिद्ध केले.

पान उघडले की वर अभंग आणि त्याचा क्रमांक. तळाशी बारीक अक्षरात पाठभेद. तिथे ‘दे.’ म्हणजे देहूची प्रत, ‘त.’ म्हणजे तळेगावची. मावळातल्या एका पोथीतला वेगळा शब्द असा कोल्हापूर-नागपूरच्या वाचकासमोरही येऊन बसला. गाथेच्या प्रती वाढल्या याहून मला ही तळटीप मोलाची वाटते: संपादकांनी काय निवडले आणि काय बाजूला ठेवले, हे कुणालाही तपासता येऊ लागले.

जबाबदारीही वाढली. जुळारी एकेक खिळा उचलून काना, मात्रा, वेलांटीसह ओळ बसवी. तिथली चूक मुद्रितशोधनात निसटली की ती एका वहीपुरती उरत नसे, सगळ्या प्रतींत जाई.

या प्रती पुन्हा मावळातही पोचणार होत्या. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासूनच धावत होती, त्यामुळे मुंबईत छापलेले पुस्तक मावळात यायला आता बैलगाडीची गरज नव्हती.

विष्णुबुवा जोगांनी १९०९ मध्ये सार्थ गाथा छापली आणि अर्थही घरोघर पोचवला. पुढे वि. ल. भावे यांनी तुकोबांचे शिष्य संताजी जगनाडे यांच्या वहीवरून वेगळी गाथा प्रसिद्ध केली, आणि तुकोबांचा अस्सल पाठ कोणता, हा वाद छापील पानांवर रंगला.