जोखमीच्या यंत्रांतील सॉफ्टवेअरची निवड आणि प्रकरणविचार

हृदयाचे ठोके राखणारा पेसमेकर, शिरेतून औषध सोडणारा इन्फ्यूजन पंप, विमानाची नियंत्रणे, रेल्वेचे सिग्नल, मोटारीचे ब्रेक ही सर्व यंत्रे आज आपल्या पोटात संगणक बाळगून असतात, आणि त्या संगणकाच्या चुकीची किंमत प्रसंगी मनुष्याच्या जिवाने मोजावी लागते. अशा यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम व इतर सॉफ्टवेअर कोणत्या निकषांनी निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय अभियंत्यांचा, भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. तथापि या निवडीच्या मुळाशी असलेला प्रश्न शब्दार्थविचारातील एका फार जुन्या प्रश्नाशी जुळणारा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दांचा निकाल लावला पाहिजे. परक्याच्या हल्ल्यापासून यंत्राचे रक्षण, आणि यंत्राच्या बिघाडापासून माणसाचे रक्षण, या दोहोंना आपण मराठीत सरसकट ‘सुरक्षा’ म्हणतो. (जर्मन भाषेतही दोहोंस एकच शब्द आहे, म्हणजे ही अडचण काही आपलीच नाही.) या लेखापुरते पहिल्या अर्थी ‘सुरक्षा’ व दुसऱ्या अर्थी ‘निर्धोकता’ असे शब्द योजले आहेत. तिसरी कल्पना विश्वसनीयतेची. बिघाड होताच लाल होऊन गाड्या थांबवणारा सिग्नल वारंवार बिघडत असेल तर तो विश्वसनीय नव्हे, पण निर्धोक खचित आहे. उलटपक्षी, सांगितलेले चुकीचे काम वर्षानुवर्षे बिनचूक करीत राहणारे यंत्र विश्वसनीय असूनही घातक ठरते. पेसमेकरवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘थांबणे’ ही निर्धोक अवस्थाच नव्हे. म्हणून अमुक सिस्टिम उत्तम की तमुक, हे विचारण्यापूर्वी हे यंत्र बंद पडले तर माणूस वाचतो की मरतो, हे विचारावयास हवे.

आता एक उदाहरण विस्ताराने पाहू. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे कॅनडात तयार झालेले यंत्र. त्याचा इलेक्ट्रॉन-झोत सौम्य करून थेट वापरता येई, किंवा अतितीव्र झोत मध्ये ठेवलेल्या धातूच्या लक्ष्यावर आदळवून क्ष-किरण निर्माण करता येत. तीव्र झोत आहे आणि लक्ष्य जागेवर नाही, ही स्थिती प्राणघातक होय. आधीच्या थेरॅक-२० मध्ये ती टाळण्यासाठी स्वतंत्र विद्युत्-अटकाव होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून तो भार सॉफ्टवेअरवर टाकला, आणि जुन्या यंत्रांतील आज्ञावलीचे भाग नव्यात घेतले. १९८३ साली उत्पादकाने केलेल्या धोकाविश्लेषणात आज्ञावलीतील चुका जमेसच धरल्या नव्हत्या.

या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेतलेली नव्हती. ती पीडीपी-११ संगणकासाठी खास लिहिली होती. तिच्यात अनेक कामे एकाच वेळी चालत. एक काम तंत्रज्ञाने टंकलेल्या सूचना वाचून स्मृतीत नोंदवी, दुसरे त्या नोंदीवरून चुंबक लावी, आणि त्यास सुमारे ८ सेकंद लागत. सामाईक नोंद कोणी केव्हा वाचावी व बदलावी, याची शिस्त राखणे हे अशा सिस्टिमचे मुख्य कर्तव्य. तीच येथे ढिली होती. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली तंत्रज्ञ स्त्रीने चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकले, लगेच मागे जाऊन ते इलेक्ट्रॉनचे केले, आणि हे सारे त्या ८ सेकंदांच्या आत झाल्यामुळे यंत्राच्या अर्ध्या भागाला दुरुस्ती कळली, अर्ध्याला कळली नाही. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले. या संकेताचा अर्थ, मात्रा फार जास्त किंवा फार कमी झाली, असा होता! परस्परविरुद्ध दोन अर्थ एकाच खुणेला देणे ही केवळ भाषिक हयगय म्हणून सोडून देता येत नाही. असे संकेत नित्य दिसत असल्याने उपचार पुढे चालू करण्याची कळ दाबली गेली. त्या रुग्णालयातील दोन रुग्ण अशा अपघातांनंतर दगावले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रावर असे एकूण सहा अपघात ज्ञात आहेत.

यापुढचा तपशील आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हीच चूक थेरॅक-२० मध्येही होती. शिकागो विद्यापीठातील त्या यंत्रावर विद्यार्थी शिकताना काहीबाही टंकीत, तेव्हा फ्यूज उडत. विद्युत्-अटकाव शाबूत असल्यामुळे इजा कोणास झाली नाही. चूक तीच असून एका यंत्रात ती किरकोळ कटकट ठरली, दुसऱ्यात प्राणांतिक.

आपल्या शास्त्रकारांचे ‘सैन्धव आण’ हे उदाहरण वाचकांस परिचित आहेच. जेवणाच्या पानावरून म्हटले तर सैन्धव म्हणजे मीठ, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा; निर्णय प्रकरणावरून होतो. सॉफ्टवेअरच्या निर्धोकतेचेही असेच आहे. एरियान-४ अग्निबाणात निर्वेध चाललेले एक गणित एरियान-५ मध्ये जसेच्या तसे घेतले गेले. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक, त्यामुळे ३२,७६७ पर्यंतच्या जागेत न मावणारी संख्या तेथे आली, आणि ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतबाहेर अग्निबाण नष्ट झाला. नव्या बाणाला उड्डाणानंतर त्या गणिताची गरजही नव्हती. ‘आजवर उत्तम चालले आहे’ ही शिफारस म्हणूनच अपुरी आहे. कोठे व कोणत्या मर्यादांत चालले, हे तिच्यासोबत आले पाहिजे.

चाचणीने हा प्रश्न सुटेल, ही आशाही फोल आहे. विमानाचा सर्वनाश घडवणारा बिघाड एक अब्ज उड्डाणतासांत एकाहून अधिक वेळा संभवू नये, अशी अपेक्षा असते. एक अब्ज तास म्हणजे सुमारे १,१४,००० वर्षे. एवढी चाचणी कोण घेणार? तेव्हा पुरावा रचनेतून व लेखनप्रक्रियेतून आणावा लागतो, आणि येथे आकारमानाचा प्रश्न येतो. लिनक्सच्या मूळ गाभ्याचा आज्ञासंग्रह आज तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे. त्यातील थोडाच भाग एखाद्या यंत्रात जातो हे खरे, पण तोही मनुष्याने ओळीओळीने तपासण्यापलीकडचा. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या एसईएल४ या सूक्ष्म गाभ्यात सी भाषेच्या सुमारे ८,७०० ओळी होत्या, म्हणूनच २००९ साली त्याची गणिती सिद्धता पुरी होऊ शकली. त्या सिद्धतेतही भाषांतरक आज्ञावली व यंत्रसामग्री बिनचूक आहेत, हे गृहीत होते.

कालबद्धतेविषयीही गैरसमज फार. २०२४ साली लिनक्सच्या मुख्य प्रवाहात कालबद्ध कामाची सोय आली. तिने विलंबाला बराच आळा बसतो, परंतु त्यावरून निर्धोकतेचा पुरावा आपोआप हाती येत नाही. शक्य तेथे मोठी सिस्टिम पडद्यापुरती ठेवावी, आणि जिवाशी संबंध असलेले काम वेगळ्या, भिंतीआडच्या लहान गाभ्यावर किंवा स्वतंत्र संगणकावर सोपवावे, हा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक पटतो. अगदी साध्या पंपाला तर ऑपरेटिंग सिस्टिम हवीच असे नाही. ठराविक क्रमाने फिरणारी एक आज्ञावली पुरते.

वैद्यकीय यंत्रांविषयीचे २००६ सालचे आयईसी ६२३०४ हे मानक बाहेरून घेतलेल्या, ज्याच्या घडणीची कागदपत्रे नाहीत अशा सॉफ्टवेअरसाठी वेगळी संज्ञा योजते. आपण त्यास ‘अज्ञातकुलशील’ म्हणू. त्यास घरात घेऊ नये असे मानक म्हणत नाही. त्याच्याकडून कोणते काम अपेक्षित आहे ते लिहून ठेवा आणि त्याचे जाहीर झालेले दोष आपल्या यंत्राच्या संदर्भात तपासा, असे सांगते. विक्रेत्याच्या ‘प्रमाणित’ या शब्दाचाही अर्थ याच रीतीने लावावा. प्रमाणपत्राबरोबर वापराच्या अटींची पुस्तिका येते, आणि त्या अटींबाहेर प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

एक अडचण मात्र उरतेच. जाळ्याशी जोडलेल्या यंत्रात सुरक्षेचे छिद्र आढळले की सॉफ्टवेअर तातडीने बदलावे लागते; निर्धोकतेचा पुरावा मात्र तपासलेल्या आवृत्तीपुरताच असतो, आणि प्रत्येक बदलानंतर त्याचा संबंधित भाग नव्याने उभारावा लागतो. रुग्णालयातील यंत्र दहा-पंधरा वर्षे वापरात राहते. एवढ्या काळात अशी फेरतपासणी किती वेळा, कोणी आणि कोणाच्या खर्चाने करावयाची, हे खरेदीच्या करारातच लिहून घेतलेले असावे.