थेंबाचं माप कोण ठरवतं?

पावसाळ्यात कपडे वाळत घालायची दोरी कधी निरखून पाहिली आहे का? तिच्यावर थेंबांची रांगच लागलेली असते. एकेक थेंब हळूहळू फुगतो, जड होतो आणि टपकन खाली पडतो. मध्येच वाऱ्याची झुळूक आली, तर पुरते फुगण्याआधीच थेंब गळतात. आणि दोन थेंब अगदी शेजारी आले, तर दोघांचा मिळून एकच मोठा थेंब होतो.

दोस्तांनो, ही गंमत लक्षात ठेवा. अशाच युक्तीने शास्त्रज्ञ मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे एका मायक्रोमीटरचे थेंब बनवतात. तेही सगळे जवळजवळ सारख्या मापाचे!

पण थेंब सारखे कशाला हवेत? न तापवलेलं दूध घ्या. त्यात स्निग्ध पदार्थाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. दूध ठेवून दिलं की हे थेंब वर येऊन मलई जमते. थेंबाचं माप दुप्पट असेल, तर तो चौपट वेगाने वर येतो! म्हणजे पायस टिकवायचं, तर मोठे थेंब नकोत. औषधात तर ही गोष्ट फार महत्त्वाची. आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या ५ ते १० मायक्रोमीटर रुंदीच्या असतात. शिरेतून द्यायच्या औषधात जाडे थेंब असले तर त्या तुंबतील.

रवीने घुसळलं किंवा मिक्सरमध्ये फिरवलं, तर काही थेंब बारीक होतात, काही जाडेच राहतात. मग उपाय काय? तो सापडला जपानच्या दक्षिणेला, क्युशू बेटावरच्या मियाझाकी इथे. तिथे ज्वालामुखीच्या राखेचे मोठे थर आहेत. त्या राखेला ‘शिरासु’ म्हणतात. १९८०च्या दशकात तादाओ नाकाशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या राखेपासून असंख्य सूक्ष्म छिद्रं असलेली काच बनवली. या काचेच्या नळीच्या एका बाजूने तेल दाबायचं. दुसऱ्या बाजूने पाणी वाहत ठेवायचं. प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी तेलाचा थेंब फुगतो आणि सुटून पाण्यात जातो.

आता मूळ प्रश्न. थेंबाचं माप कोण ठरवतं?

पहिला मान छिद्राचा. या काचेत थेंब साधारणपणे छिद्राच्या तिप्पट मापाचा होतो. पण छिद्र एकटं पुरेसं नाही.

दुसरा, पाण्याचा प्रवाह. दोरीवरच्या थेंबाला त्याचं वजन खाली ओढतं. इथले थेंब इतके हलके की वजनाचा उपयोगच नाही. म्हणून वाऱ्याचं काम वाहतं पाणी करतं. प्रवाह जोरात असेल तर थेंब लहानपणीच सुटतो.

तिसरा, दाब. कमी पडला तर तेल बाहेरच येत नाही. छिद्र निम्मं केलं तर दाब दुप्पट लागतो. पण फार जोर लावला, तर थेंबांऐवजी धारच सुटते.

चौथा, साबणासारखा पदार्थ. तो तेल आणि पाणी यांच्यामधला ताण कमी करतो, म्हणून थेंब लवकर सुटतो. शिवाय तो थेंबाभोवती जमतो, त्यामुळे शेजारचे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र त्याला तिथवर पोचायला वेळ लागतो. तेल घाईने सोडलं तर थेंब मोठे होतात.

पाचवी, काचेची आवड. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, स्वच्छ काचेवर पसरतं. तेलाचे थेंब हवे असतील तर पटल पाण्याने भिजणारं हवं. नाहीतर तेल त्याच्यावरच पसरेल आणि सगळा खेळ बिघडेल.

याच पद्धतीने मियाझाकीतल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात यकृताच्या कर्करोगासाठी औषध भरलेले थेंब बनवले. ते गाठीच्या रक्तवाहिन्यांत अडकून राहावेत, अशी कल्पना होती. म्हणजे इथे माप जरा मोठंच हवं होतं! काम तसं माप.

घरी करून पाहा : औषधाच्या रिकाम्या बाटलीचा ड्रॉपर आईबाबांकडून मागून घ्या आणि स्वच्छ धुवा. एक छोटा चमचा साध्या पाण्याने थेंबाथेंबाने भरा आणि थेंब मोजा. मग साबणाच्या पाण्याने तेच करा. ड्रॉपर उभाच धरा, घाई नको. कोणत्या वेळी जास्त थेंब लागले? का लागले असतील? उत्तर वर दडलेलं आहे. शोधा पाहू!