ऑटिझम असलेला माणूस कामावर घ्यायचाय? आधी आपल्या सूचना तपासा

समजा तुमचं मसाल्याचं किंवा फरसाणाचं छोटं युनिट आहे. पॅकिंगला माणूस हवाय, आणि ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "आमच्या मुलाला घेता का? त्याला ऑटिझम आहे." तुम्ही काय उत्तर द्याल?

बरेच जण इथेच अडखळतात. मनात दया असते, आणि भीतीही. म्हणून आज जरा नीट समजून घेऊया की ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या माणसाला काम मिळणं आणि ते टिकणं कशावर ठरतं.

पहिली अडचण मुलाखतीची. आपण मुलाखतीत काय बघतो? डोळ्यात डोळे घालून बोलतो का, हसतो का, "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की फडाफडा बोलतो का. नेमकं हेच त्यातल्या अनेकांना जड जातं. पण पाकिटाचं वजन बरोबर भरायला गप्पा कशाला लागतात? डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी आपल्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली. तिथे उमेदवारांना प्रश्न विचारत बसण्याऐवजी लेगोचे रोबो बनवायला देऊन त्यांचं काम बघितलं जायचं. तुम्ही लेगो आणू नका हो! दोन-तीन दिवस प्रत्यक्ष पॅकिंग करून घ्या, त्याचे पैसे द्या आणि मग ठरवा.

दुसरी गोष्ट सूचनांची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपली मराठी बोली अंदाजाची. "चवीपुरतं मीठ टाक", "पाचेक मिनिटांत ये", "जरा बघून घे", "थोडं लवकर आवर." आपल्याला यातलं न बोललेलंही कळतं. ऑटिझम असलेला माणूस बऱ्याचदा शब्द जसाच्या तसा घेतो. "बघून घे" म्हटलं तर तो बघेल, आणि तिथेच थांबेल. मग मालक म्हणतो, याला काम जमत नाही. त्याऐवजी "१०० ग्रॅम भर, काट्यावर ठेव, सील कर, क्रेटमध्ये २० पाकिटं झाली की मला सांग" असं सांगा. फोटो काढून भिंतीवर लावा. खरं तर असा तक्ता लावला तर बाकीच्या कामगारांच्याही चुका कमी होतात, पण आपण तो लावत नाही, कारण सगळं मालकाच्या डोक्यात असतं!

अमेरिकेत फ्लोरिडातल्या पार्कलँडला जॉन आणि टॉम डी'एरी या बापलेकांनी २०१३ मध्ये 'रायझिंग टाइड' नावाचं गाडी धुण्याचं सेंटर सुरू केलं. घरात ऑटिझम असलेला मुलगा, अँड्र्यू, त्याच्या रोजगाराची काळजी होती. त्यांनी गाडी धुण्याचं काम ठरलेल्या पायऱ्यांमध्ये बसवलं आणि त्याच क्रमाने सगळ्यांना शिकवलं. तिथले बहुतेक कामगार ऑटिझम असलेले आहेत. आयटी कंपनी नाही, गाड्या धुण्याचा धंदा आहे, हे लक्षात घ्या.

तिसरं, जागा. कांडप मशीनचा आवाज, मिरचीचा ठसका, फडफडणारी ट्यूबलाइट हे काहींना अक्षरशः सहन होत नाही. पॅकिंगचं टेबल मशीनपासून लांब ठेवलं, कानाला हेडफोन दिला तर काम होतं. आणि वेळ किंवा जागा बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळचा बदल फार त्रासाचा ठरतो. येण्याजाण्याचं काय, हेही घरच्यांशी आधीच बोला. काम जमतं पण गर्दीची बस जमत नाही, असं होऊ शकतं.

आता कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांत मिळून आहे. त्यामुळे दार उघडायचं तर ते खाजगीतच, म्हणजे तुमच्या-आमच्याकडे. उमेदवाराकडे यूडीआयडी कार्ड आहे का, ते विचारा.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सगळ्यांना सगळं जमेल असं नाही. काहींना बोलता येत नाही, काहींना सतत कुणीतरी सोबत लागतं, तर काही जण हिशेबात आपल्याला मागे टाकतील. काउंटरवर दर मिनिटाला नवीन गिऱ्हाईक आणि घासाघीस, हे काम कदाचित अवघड जाईल. "आजचं फरसाण ताजं आहे का?" असं कुणी विचारलं तर तो खरं सांगून टाकेल, तेव्हा तयारी ठेवा!

आणि पगार. "घरीच बसला असता, चहापाण्याचे देतो" हा हिशेब चालणार नाही. ५०० पाकिटांचा जो दर बाकीच्यांना, तोच त्यालाही, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात.