हेड ऑफिसात पाहायचं काय?

मुंबईच्या फोर्ट भागात होमी मोदी स्ट्रीटवर बॉम्बे हाऊस ही दगडी इमारत आहे. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनीच तिचा आराखडा केला आणि १९२४ पासून टाटा समूहाचा कारभार तिथून चालतो. समूहात १० लाखांहून अधिक माणसं कामाला आहेत. इमारत मात्र जेमतेम चार मजल्यांची. बीएमएस, बीबीए, एमबीएच्या मुलांनी कोणत्याही बड्या कंपनीच्या मुख्यालयात पाऊल ठेवण्याआधी हे प्रमाण ध्यानात घ्यावं. हेड ऑफिस हा कंपनीचा फार लहान भाग असतो आणि नवख्या माणसाची पहिली खुर्ची बहुधा तिथे नसतेच.

कॉलेजांच्या ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’मध्ये हेच निसटतं. गळ्यात व्हिजिटरचा पास, कॉन्फरन्स रूममध्ये कंपनीची फिल्म, एचआरचं प्रेझेंटेशन, चहा-बिस्किटं, प्रवेशद्वाराशी ग्रुप फोटो. ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर मागच्या रांगेतून ‘सर, पॅकेज किती?’ एवढंच येतं. अर्धा दिवस खर्ची पडतो आणि मुलांनी खरंतर जे पाहायला हवं ते शेजारच्या मजल्यावरच राहून जातं.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वर्षातल्या पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात. त्या दिवसांत फायनान्सच्या मजल्यावर घड्याळाकडे बघायला कुणाला सवड नसते. संचालक मंडळाच्या बैठकीचा अजेंडा, इतिवृत्त, शेअर बाजाराला द्यायच्या सूचना ही जबाबदारी कंपनी सेक्रेटरीची. कंपनीची शिल्लक रक्कम कुठे, किती दिवस गुंतवायची हे ट्रेझरी ठरवते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले, तेव्हापासून सीएसआर हीसुद्धा करिअरची वाट झाली. यातल्या बऱ्याच कामांची नावंही मुलांच्या कानावर पडलेली नसतात, कारण सगळ्यांचे डोळे मार्केटिंगवर.

आणि त्या मार्केटिंगची सुरुवात कुठे होते? हिंदुस्थान युनिलिव्हरचं मुख्यालय अंधेरीला, चकाल्यात आहे. पण या कंपनीचे मॅनेजमेंट ट्रेनी आधी बाजारात जातात, कारखान्यात जातात, खेड्यात राहतात. १९७० च्या दशकात तर उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात कंपनीने ग्रामविकासाचं काम सुरू केलं आणि पुढे ट्रेनींना तिथे शेतकरी कुटुंबांत राहायला पाठवलं. ट्रेनी म्हणून सुरुवात करणारे शिखरापर्यंतही पोहोचतात: नितीन परांजपे पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर झाले, मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून एमबीए झाले, १९८७ मध्ये या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले आणि २००८ मध्ये तिचे प्रमुख झाले.

बाजारात ट्रेनी काय करतो? सेल्समनबरोबर सकाळी ‘बीट’वर निघतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गल्ल्यांतली ठरलेली दुकानं. किराणा दुकानदार गिऱ्हाईक सांभाळत असतो; त्यातूनच स्कीम समजावायची, संपलेला माल नोंदवायचा, एक्स्पायरीचा माल परत घेण्याबद्दलची त्याची तक्रार ऐकून घ्यायची, एक रुपयाच्या शॅम्पूच्या पुडीची माळ पुढे टांगायला लावायची. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलं ते ‘प्रायमरी’, डिस्ट्रिब्युटरने दुकानाला विकलं ते ‘सेकंडरी’. प्रायमरी फुगलं आणि सेकंडरी थंड असलं, तर माल गोदामात पडून आहे हे ज्याने गल्लीत उभं राहून पाहिलं, त्याला हेड ऑफिसातला तक्ता लगेच वाचता येतो. ज्याने पाहिलेलं नाही, त्याला तो शिकायला फार वेळ लागतो.

म्हणून प्राध्यापकांनी भेटीआधी आठवडाभर मुलांच्या हाती कंपनीचा वार्षिक अहवाल द्यावा. तो कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. उत्पन्न कोणत्या धंद्यातून येतं, जाहिरातीवर खर्च किती, कच्च्या मालाचा भाव वाढला तर नफा कसा हलतो, एवढं वाचून गेलेला विद्यार्थी वेगळे प्रश्न विचारतो. ‘सकाळी आल्यावर तुम्ही पहिला कुठला आकडा बघता?’ हा प्रश्न सेल्स, ट्रेझरी आणि फॅक्टरीच्या माणसाला वेगवेगळा विचारून बघावा. तीन उत्तरांत तीन नोकऱ्या दिसतात. जमल्यास दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेल्या एखाद्या ज्युनिअरशीही बोलणं घडवावं. पहिली पोस्टिंग कुठल्या गावात होती, पहिल्या सहा महिन्यांत काय चुकलं, बॉसने काय सांगितलं, हे तो संचालकापेक्षा मोकळेपणाने सांगतो.