प्रश्नमंजूषेची धून : दूरचित्रवाणीवरून मांडवापर्यंत

गृहसंकुलातील गणेशोत्सवात लहान मुलांची प्रश्नमंजूषा रंगलेली असते. सूत्रसंचालक प्रश्न विचारतो, स्पर्धक उत्तरासाठी घुटमळतो आणि ध्वनिक्षेपकावरून हृदयाच्या ठोक्यांसारखा, खर्जातला परिचित नाद सुरू होतो. समोर अमिताभ बच्चन नसतात. बक्षीसही बहुधा कंपासपेटीच्या पलीकडे जात नाही. तरी मांडवात क्षणभर शांतता पसरते. हीच धून शाळांच्या स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वधू-वरांना विचारल्या जाणाऱ्या खट्याळ प्रश्नांमागे आणि समाजमाध्यमांवरील असंख्य विनोदी चित्रफितींत ऐकू येते. देशभर ती ‘केबीसीची धून’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिचा जन्म ब्रिटनमधला आहे आणि तिच्या कर्त्यांची नावे ती वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतील.

‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाला. त्यासाठी आधी करून घेतलेले संगीत निर्मात्यांना रुचले नाही, म्हणून ते काम कीथ स्ट्रॅचन आणि त्यांचे पुत्र मॅथ्यू स्ट्रॅचन यांच्याकडे सोपवण्यात आले. तोपर्यंत अशा कार्यक्रमांत संगीत प्रामुख्याने आरंभी, शेवटी आणि बक्षीस जाहीर होताना वाजत असे. या पितापुत्रांनी जवळजवळ संपूर्ण कार्यक्रमभर अखंड चालणारे संगीत रचले. गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतील मंगळ ग्रहावरील भागाची प्रेरणा त्यामागे होती. युद्धाच्या चाहुलीचा तो भाग ऐकल्यास दोहोंतील नाते सहज लक्षात येते.

या रचनेतील खरी खुबी मात्र सामान्य प्रेक्षकाच्या कानाला जाणवते, पण सांगता येत नाही. सुरुवातीचे सोपे प्रश्न ओलांडल्यावर पुढच्या प्रश्नागणिक पार्श्वसंगीताची पट्टी अर्ध्या स्वराने चढत जाते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर एका प्रश्नाला काळी एक, पुढच्याला पांढरी दोन. चाल तीच, लयही तीच. फक्त षड्ज वर सरकतो. स्पर्धक खुर्चीवर जागचा हलत नाही, तरी प्रेक्षकाला आपण एकेक पायरी चढत असल्याचा भास होतो. उत्तर ‘लॉक’ झाल्यावरची निःशब्द घालमेलही याच संगीतावर तोलून धरलेली असते.

शंभराहून अधिक देशांत हा कार्यक्रम पोहोचला, तेव्हा रंगमंचाची मांडणी आणि प्रकाशयोजना यांच्याबरोबर संगीतही गेले. त्यामुळे निरनिराळ्या भाषांतील प्रेक्षकांची स्वरांची आठवण एकच आहे. भारतात ‘कौन बनेगा करोडपती’चा पहिला भाग ३ जुलै २००० रोजी प्रसारित झाला. मराठीत २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कोण होईल मराठी करोडपती’ आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांच्यासह ‘कोण होणार करोडपती’ हे कार्यक्रम आले. त्याच वर्षी हिंदी कार्यक्रमाच्या धूनेला अजय-अतुल या मराठी संगीतकार जोडीने वाद्यवृंदाचा नवा साज चढवला. मूळ सुरावट त्यांनी राखली. ती बदलली असती तर प्रेक्षकांनी ती ओळखलीच नसती, हे उघड आहे.

चित्रपटगृहात ही धून सर्वाधिक गाजली ती २००८ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’मुळे. विकास स्वरूप यांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला होता, तीत कार्यक्रमाचे नाव काल्पनिक होते. पडद्यावर मात्र खराच कार्यक्रम आणि त्याचेच संगीत आले. ज्या सेलाडॉर समूहाने मूळ कार्यक्रम घडवला, त्याच समूहाची चित्रपटसंस्था निर्मात्यांमध्ये होती. इतर कोणाला हे इतक्या सहजी साधले नसते.

अशा सुरावटी आपले घर सोडून इतक्या सहज बाहेर का पडतात, याचे उत्तर त्यांच्या कामात दडलेले आहे. चित्रपटगीत एखाद्या प्रसंगाचे असते, त्याला शब्द असतात, नायक-नायिका असतात. प्रश्नमंजूषेचे संगीत केवळ थांबण्याचा वेळ भरून काढते. जिथे जिथे माणसे कशाची तरी वाट पाहत थांबतात, तिथे ते चपखल बसते.

अमेरिकेतील ‘जेपर्डी!’ या कार्यक्रमाची ‘थिंक!’ नावाची धून हे याचे ठळक उदाहरण होय. कार्यक्रमाचे जनक मर्व्ह ग्रिफिन यांनी ती मुळात आपल्या लहानग्या मुलासाठी अंगाई म्हणून बांधली होती. मार्च १९६४ मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि अंतिम प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी मिळणाऱ्या ३० सेकंदांसाठी हीच अंगाई योजण्यात आली. म्हणजे तिचा पहिला पुनर्वापर खुद्द कर्त्यानेच केला. पुढे बेसबॉलच्या मैदानांवर पंच निर्णयासाठी खोळंबले किंवा खेळाडूंची मसलत लांबली की ऑर्गनवादक ती वाजवू लागले. आज अमेरिकेत कोणी उत्तर द्यायला वेळ लावला की समोरचा मनुष्य ती गुणगुणू लागतो. कार्यक्रमही ग्रिफिन यांचा आणि धूनही त्यांची, त्यामुळे स्वामित्वधन त्यांच्याकडे येत राहिले. त्यातून आपल्याला सात कोटी डॉलरहून अधिक मिळाले, असा त्यांचाच अंदाज होता. अर्ध्या मिनिटाच्या अंगाईसाठी ही रक्कम थक्क करणारी म्हणावी लागेल.

प्रवास उलट्या दिशेनेही होतो. ब्रिटनमध्ये संगीताची ‘लायब्ररी’ चालवणाऱ्या संस्था आहेत. तेथे संगीतकार कोणत्याही विशिष्ट कार्यक्रमासाठी नव्हे, तर ‘भीतिदायक’, ‘उत्साही’, ‘गमतीदार’ अशा गरजा ओळखून रचना ध्वनिमुद्रित करून ठेवतात. निर्माते शुल्क भरून त्या घेतात. बीबीसीवर १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘मास्टरमाइंड’ची गंभीर, पावले टाकत येणारी धून अशीच लायब्ररीतून आली. नील रिचर्डसन यांच्या त्या रचनेचे नाव ‘अप्रोचिंग मेनेस’, म्हणजे जवळ येणारे संकट. कार्यक्रमाचे जनक बिल राइट यांनी दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना चौकशीचा अनुभव घेतला होता. काळी खुर्ची, एकच दिवा आणि ही धून यांमागे ती आठवण होती.

अॅलन हॉकशॉ यांच्या ‘चिकन मॅन’ची कथा अधिक मजेशीर आहे. ही लायब्ररीतील रचना बीबीसीने १९७८ मध्ये ‘ग्रेंज हिल’ या शाळकरी मुलांच्या मालिकेसाठी घेतली. पुढच्याच वर्षी आयटीव्हीच्या ‘गिव्ह अस अ क्लू’ या मूकाभिनयाच्या खेळालाही तीच चाल, वेगळ्या वाद्यमेळात, लावण्यात आली. दोन प्रतिस्पर्धी वाहिन्या, दोन कार्यक्रम आणि शीर्षकसंगीत एकच! यात चोरी कोणाचीच नव्हती. दोघांनीही रीतसर परवाना घेतला होता.

परवान्याचा हा मुद्दा भारतातील मांडवापर्यंत येतो. सूर कोणीही गुणगुणावेत. पण सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा हक्क कायद्याने मालकाकडे असतो. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये त्याला अपवाद आहेत. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांत विद्यार्थी व शिक्षकांनी केलेले सादरीकरण, श्रोते संस्थेशी संबंधित व पालकच असल्यास, हक्कभंग ठरत नाही. निवासी संकुलातील रहिवाशांच्या सामाईक सभागृहात, त्यांच्यासाठीच्या सोयीचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्यासही मुभा आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीलाही सवलत असून विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित समारंभ यांचा त्यात समावेश होतो. मात्र तिकीट लावून केलेला जाहीर कार्यक्रम किंवा दुकानाच्या जाहिरातीत वापरलेली धून या सवलतींत बसत नाही. कार्यक्रमाची चित्रफीत इंटरनेटवर चढवणे ही तर सर्वस्वी वेगळी बाब आहे.

विवाह समारंभाची व्याप्ती नेमकी किती, यावर अद्याप रस्सीखेच आहे. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने जुलै २०२३ मध्ये सार्वजनिक सूचना काढून लग्नांतील संगीतासाठी शुल्क आकारू नये, असे स्पष्ट केले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच आशयाचे परिपत्रक काढले. ध्वनिमुद्रणांच्या मालकांनी त्याला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले. कायद्यातील सवलत कायम आहे. ती कोणाला लागू होते हे परिपत्रकाने सरसकट ठरवता येणार नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. पंचतारांकित हॉटेलातील तीन दिवसांचा ‘डेस्टिनेशन’ विवाह आणि गावातील वरात यांना एकच माप लावायचे का, हा वादाचा गाभा आहे.

या वादात संगीतकाराचे हित बरेचदा मागे पडते. भारतात दीर्घकाळ संगीतकार व गीतकार एकरकमी मोबदला घेऊन सर्व हक्क निर्मात्याच्या हवाली करीत. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी लावून धरल्यानंतर २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा कर्त्याला सोडून देता येत नाही. करारात तसे लिहून घेतले तरी ते कलम निरर्थक ठरते. ही रक्कम गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ करते. पण तो वाटा कर्त्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाजलेली रचना कोणाची, याची नोंद आधी व्हावी लागते आणि दहा सेकंदांच्या धूनेखाली कर्त्याचे नाव सहसा कोणी लिहीत नाही.