कोंबडा अंडी घालत नाही, रंग देतो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी हौसेने एक कोंबडा विकत घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, हा निळ्या अंड्यांच्या जातीचा. पुरावा म्हणून तुरा दाखवला. करवतीसारखा उभा नव्हे, डोक्यावर बसका, तीन रांगांचा. शिमग्यात दोन कोंबड्या अंड्यांवर बसल्या, पिल्लंही झाली. आता आषाढ सरत आला, तरी खुराड्यातली अंडी पूर्वीसारखीच मातकट-पांढरी. ‘फसलो का? गटारी तोंडावर आलीय, कापून टाकू का?’

थांबा. सुरी ठेवा. फसलात की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण त्या कोंबड्याची परीक्षा अजून झालेलीच नाही.

टरफल रंगवते ती आई. अंडं कोंबडीच्या कवचग्रंथीत साधारण वीस तास असतं आणि त्यावर काय रंग चढायचा, हे तिच्या स्वतःच्या जनुकांनी आधीच ठरवलेलं असतं. कोंबड्याचा वाटा आतल्या जिवात जातो, बाहेरच्या भिंतीवर नाही. घराला रंग कुठला द्यायचा, हे पाळण्यातल्या पोराला कोण विचारतं? कोंबड्याने दिलेला निळा रंग दिसेल तो त्याच्या लेकींच्या अंड्यांवर. म्हणजे शिमग्यातल्या पिल्लांमधल्या तलंगा अंडी घालू लागतील तेव्हा. गावठी पाखराला त्यासाठी सहाएक महिने लागतात.

हे रंग चढतात कसे, ते समजायला आपल्याकडे एक सुरेख जुनं उदाहरण आहे. दिवाळीआधी घराला चुना लावताना त्यात चिमूटभर नीळ घालायचे आणि मग खालच्या पट्ट्यावर गेरूचा हात फिरवायचे. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याचाच भाऊबंद. निळ्या अंड्यात ‘बिलिव्हर्डिन’ हे रंगद्रव्य चुन्यात नीळ कालवावी तसं कवचाच्या अख्ख्या जाडीत मुरतं. तपकिरी अंड्यावरचं ‘प्रोटोपॉर्फिरिन’ मात्र बरंचसं शेवटच्या काही तासांत वरून बसतं, तो गेरू. म्हणून निळं अंडं फोडलं तर टरफल आतूनही निळं दिसतं, तपकिरी अंडं आतून पांढरंच. आणि नीळ कालवलेल्या चुन्यावर गेरू फिरवला की? शेवाळी. परदेशातले हौशी लोक निळ्या अंड्यांच्या जातीचा फ्रान्समधल्या गडद तपकिरी अंड्यांच्या ‘मारान’ जातीशी संकर करून जी ऑलिव्ह रंगाची अंडी मिळवतात, त्यामागची जादू एवढीच. आपल्या गावठी कोंबडीच्या अंड्यावर गेरूचा पातळ हात असतोच. तेव्हा या वाचकांनी आकाशी निळ्याची आशा धरू नये. मिळालाच तर हिरवट रंग मिळेल. निर्मळ निळा हवा असेल तर पांढऱ्या अंड्यांची लेगहॉर्न शोधायला हवी. (गंमत अशी, की नीळ आणि गेरू दोन्ही एकाच घरातले. रक्तातल्या लाल ‘हीम’च्या कुटुंबातली ही दोन भावंडं. मुका मार लागून काळंनिळं पडलेली कातडी काही दिवसांनी हिरवट होते, तेही बिलिव्हर्डिनमुळेच.)

पण ही नीळ आली कुठून? इथे गोष्टीत एक चोर शिरतो. २०१३मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी शोधून काढलं, की निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांच्या पहिल्या गुणसूत्रावर एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसला आहे. त्याच्या शेजारी जे जनुक आहे, ते एरवी यकृतात हमाली करणारं प्रथिन बनवतं. पित्ताशी संबंधित पदार्थांची ने-आण हे त्याचं काम. विषाणूच्या घुसखोरीमुळे हा हमाल कवचग्रंथीतही कामावर रुजू झाला आणि बिलिव्हर्डिन कवचात येऊ लागलं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत आणि चीनमधल्या कोंबड्यांत हा तुकडा थोड्या वेगळ्या जागी सापडला. एकच चोरी दोन देशांत, स्वतंत्रपणे!

चिलीतल्या या कोंबड्या जगापुढे आणल्या त्या स्पेनच्या साल्वादोर कास्तेयो यांनी. १९२१च्या हेगमधल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांनी त्यांचं वर्णन केलं आणि उत्साहाच्या भरात त्यांना वेगळ्या प्रजातीचं लॅटिन नावही देऊन टाकलं. प्रजाती काही वेगळी नव्हती. पण निळं अंडं बघितल्यावर माणसाचा तोल सुटतो, हे आपल्या वाचकांनाही पटेल.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. शाळा-कॉलेजात अनुवंशशास्त्र शिकताना आपण सगळ्यांनी जो चौकोन आखला, तो रेजिनाल्ड पनेट यांचा. पुस्तकांत हे गृहस्थ त्या चौकोनात असे कोंबले गेले, की पुन्हा बाहेर आलेच नाहीत. प्रत्यक्षात हा केंब्रिजचा प्राध्यापक आयुष्यभर कोंबड्यांत रमला होता. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं. पनेट लवकरच त्यांना येऊन मिळाले. क्लॅरेन्स एलियट नावाचे वनस्पतिसंग्राहक दक्षिण अमेरिकेतून परतताना झाडांबरोबर चिलीच्या कोंबड्याही घेऊन आले. त्या पनेट यांच्याकडे पोचल्या, आणि निळा रंग एकाच प्रभावी जनुकाने येतो, हे त्यांनी १९३३मध्ये सिद्ध केलं. विषाणूचा तुकडा सापडायच्या ऐंशी वर्षं आधी, हातात फक्त खुराडं आणि वही!

पहिल्या महायुद्धात इंग्लंडात अन्नाची टंचाई होती. नर पिल्लं पुढे अंडी देणार नाहीत, पण नर-मादी ओळखू येईपर्यंत दाणे खाणार. पनेट यांनी तोड काढली पिसांच्या रंगातून. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची जोडी लावली, तर मुलगे रुपेरी आणि मुली सोनेरी निघतात. कारण पक्ष्यांमध्ये आईचं रंगाचं लिंगगुणसूत्र फक्त मुलांना मिळतं, मुलींना मिळतं ते बापाचं. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या पिल्लू कोण ते कळतं. कंपन्यांच्या तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पिल्लं आजही अशी रंगावरून निवडतात. तेव्हा दुकानातलं अंडं तपकिरी आहे म्हणून ‘गावरान’च्या भावाने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तो तपकिरी रंग गावाकडचा असेलच असं नाही, पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीचाही असू शकतो. रंग कोंबडीचं कूळ सांगतो. तिने काय खाल्लं आणि ती कुठे हिंडली, ते नाही.

कडकनाथचंही तेच. झाबुआच्या या कोंबडीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्याभोवती दंतकथांचं पीक आलं. मधूनमधून तिच्या ‘काळ्याभोर अंड्यां’चे फोटो मोबाइलवर फिरतात. कडकनाथची कातडी काळी, हाडांवरचं आवरण काळं. अंडं मात्र साधं, फिकट तपकिरी. काळेपणाचं जनुक अंगातल्या रंगपेशींवर चालतं, कवचग्रंथीच्या कामात ते लुडबुड करत नाही. असल्याच काळ्या कातडीच्या ‘सिल्की’ कोंबड्यांवर बेटसन आणि पनेट यांनी १९११मध्ये लिहून ठेवलंय. सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावली तर मुली काळ्या होतात, मुलगे फिके. जोडी उलटी लावली तर सगळीच पिल्लं फिकी. कारण लेगहॉर्नकडे काळेपणा दाबणारं एक जनुक आहे, आणि ते त्याच लिंगगुणसूत्रावर बसतं. कडकनाथचा संकर करून पिल्लं काळी का निघाली नाहीत म्हणून विक्रेत्याशी भांडण्याआधी, बाप कोण आणि आई कोण, हे बघावं.

आता त्या तुऱ्याचा पुरावा. त्या बसक्या, तीन रांगांच्या तुऱ्याला इंग्रजीत वाटाण्याचं नाव आहे. त्याचं जनुक आणि निळ्या अंड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी राहतात. १९३९मध्ये ब्रुकनर आणि हट यांनी हे दाखवलं. त्यामुळे चिलीच्या वंशात तुरा आणि निळं अंडं बहुधा हातात हात घालून पुढच्या पिढीत जातात. म्हणजे विक्रेत्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण शेजारी राहणं म्हणजे एकच असणं नव्हे. आपल्या झुंजीच्या असीलचा तुराही नेमका तसाच बसका असतो आणि असील काही निळी अंडी देत नाही. तुरा ही शिफारस झाली, दाखला नव्हे.

खरा दाखला लेकीच देतील. कोंबडा अस्सल असेल, म्हणजे त्याच्याकडे निळ्याच्या दोन्ही प्रती असतील, तर त्याची प्रत्येक लेक हिरवट अंडी देणार. एकच प्रत असेल तर साधारण निम्म्या. सहा लेकी वाढवल्या आणि सहाही जणींची अंडी हिरवट निघाली, तर तो दोन प्रतींचा असणार असं मानायला हरकत नाही; एकाच प्रतीच्या कोंबड्याकडून असं घडण्याची शक्यता चौसष्टात एक. सहापैकी एकीनेही रंग दाखवला नाही, तर मात्र विक्रेत्याकडे जायला हरकत नाही. एक खबरदारी घ्यावी. कोंबडी आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे अंगात साठवून ठेवते. नवा कोंबडा आल्यावर लगेचची अंडी उबवली असतील, तर त्या पिल्लांचा बाप जुनाही असू शकतो. संक्रांत ते शिमगा एवढं अंतर असल्याने इथे ती भीती कमी.

तेव्हा ही गटारी दुसऱ्या कोंबड्यावर निभावून न्या. शिमग्यातल्या तलंगांच्या पायात रंगीत दोरे बांधा, कुठलं अंडं कुणाचं हे वहीत लिहा. दसऱ्याच्या आसपास पहिलं अंडं मिळालं की फोडून टरफल आतून बघा. चुन्यात नीळ असेल तर तिथे दिसेलच. आणि मला पत्र टाका.