रेसचा फोटो काढायचाय? आधी उभं कुठं राहायचं ते बघा

चाकूर : लातूर-नांदेड महामार्गावर संध्याकाळी एक गोष्ट आता नेहमीची झालीय. एक पोरगं गाडी पळवतं आणि दुसरं रस्त्याच्या कडेला, कधी कधी तर दुभाजकावर बसून मोबाईल धरतं. गाडी जितकी जवळून जाईल तितकी रील भारी, असं त्यांचं गणित. पोलीस दिसले की पांगायचं, गेले की परत जमायचं.

गाडीचं वेड वाईट नाही आणि फोटोचं तर नाहीच नाही. जगात या दोन वेडांसाठी जत्रा भरतात, लोक तिकीट काढून जातात. त्यात जपानचं नाव मोठं आहे. तिथं या जत्रा कशा भरतात आणि तिथंच एकदा काय घडलं होतं, हे आपल्या पोरांना माहीत असावं म्हणून हे लिहितोय.

जपान लांबचा देश वाटतो, पण आपल्या अंगणात तो कधीच येऊन बसलाय. मारुती 800 ही सुझुकीची, हिरो होंडाची सीडी 100 ही होंडाची, आणि यामाहाची आरएक्स 100 तर विचारूच नका. ती गाडी निघायची बंद होऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली, तरी तिचा आवाज आला की पारावरची माणसं अजून मान वळवून बघतात. या कंपन्या नुसत्या गाड्या विकून थांबल्या नाहीत, त्यांनी शर्यतीही जोपासल्या. होंडानं 1962 साली सुझुका इथं स्वतःचा ट्रॅक बांधला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हा ट्रॅक एका जागी स्वतःलाच पुलावरून ओलांडतो. पुढं 1966 ला फुजी डोंगराच्या पायथ्याशी फुजी स्पीडवे सुरू झाला. तिथला सरळ पट्टाच जवळपास दीड किलोमीटरचा आहे.

आपल्याकडं सुगी आटोपली की यात्रा भरते, तसं तिकडं शर्यतींचा हंगाम संपला की नोव्हेंबर-डिसेंबरात गाड्यांचा मेळा भरतो. निसान कंपनीच्या रेसिंग विभागाचा मेळा फुजीवर भरतो, त्याला निस्मो फेस्टिव्हल म्हणतात. 1997 पासून तो चालत आलाय. त्यात जिंकण्या-हरण्यापेक्षा बघण्याला महत्त्व असतं. एरवी गोदामात झाकून ठेवलेल्या जुन्या रेसच्या गाड्या बाहेर काढतात, चालू करतात आणि ट्रॅकवर फिरवतात. निसानची स्कायलाईन जीटी-आर ही तिकडची आरएक्स 100 समजा. 1990 ते 1993 या चार वर्षांत या गाडीनं जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या 29 च्या 29 शर्यती जिंकल्या. तीच गाडी तीस वर्षांनी समोरून धडधडत जाते तेव्हा आजोबा नातवाला बोट करून दाखवतात. ड्रायव्हर लोकांना भेटतात, सह्या देतात. आणि जिथं बघाल तिथं हातभर लेन्सचे कॅमेरे घेतलेले हौशी लोक. त्यांना त्या फोटोचे पैसे मिळत नसतात, तरी पहाटेपासून जागा धरून बसतात. मात्र सगळे जाळीच्या अलीकडं. जाळीच्या पलीकडं फक्त ओळखपत्र आणि अंगात नंबरचं जॅकेट असलेलाच फोटोग्राफर जाऊ शकतो, आणि त्यालाही कुठं उभं राहायचं ते ठरवून दिलेलं असतं.

ही शिस्त फुकट आलेली नाही. 23 ऑक्टोबर 1977 ला याच फुजी ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत होती. वळणाजवळ मना केलेल्या जागेत बघायला आणि फोटो काढायला लोक जमले होते. जिल व्हिलन्यूव्ह या ड्रायव्हरची फेरारी पुढच्या गाडीच्या चाकाला धडकली, हवेत उडाली आणि थेट त्या गर्दीत पडली. दोघं जागेवर गेले. एक बघायला आलेला होता आणि दुसरा बंदोबस्ताला असलेला माणूस. बरेच जण जखमी झाले. ड्रायव्हर मात्र गाडीतून उतरून चालत गेला. त्यानंतर जपानमध्ये फॉर्म्युला वन परत यायला 1987 उजाडलं, म्हणजे दहा वर्षं एका देशातला तो खेळच बंद राहिला.

आता आपल्या रस्त्याचा हिशोब करा. ताशी 100 च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. चौकोनी एक एकराची एक बाजू साधारण 64 मीटर धरा. म्हणजे गाडी घसरली हे दिसून, डोक्यात शिरून, पाय उचलेपर्यंत अर्धा बांध संपलेला असतो. त्यात तुमचा डोळा मोबाईलच्या पडद्यात. पडद्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते, हे तर फार कमी जणांच्या ध्यानात येतं. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही. ताबा सुटलेली गाडी तिकडंच जाते. शक्य असेल तर उंचवट्यावर आणि आडोशामागं थांबा.

बरं, जवळ गेलं म्हणजे फोटो चांगला येतो हा समजही खोटा आहे. पळत्या गाडीच्या फोटोची गोम वेगळी असते. कॅमेऱ्याचं झाकण सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी उघडलं, तर तेवढ्यात 100 च्या वेगाची गाडी तीन सेंटीमीटरही सरकत नाही. फोटो स्पष्ट येतो, पण गाडी उभी केल्यासारखी दिसते. वेग दिसायला पाहिजे असेल तर झाकण जास्त वेळ उघडं ठेवायचं, सेकंदाचा साठावा ते सव्वाशेवा भाग. साठाव्या भागात गाडी दीड फूट पुढं जाते, त्यामुळं हात स्थिर ठेवला तर गाडीच पुसट येईल. मग काय करायचं? गाडीबरोबर कॅमेराही फिरवायचा. पाय घट्ट रोवायचे, कोपरं बरगडीला टेकवायची आणि कमरेतून वळायचं. गाडी लांब असतानाच तिला पडद्यात धरा, समोर येताच बटण दाबा आणि दाबल्यावरही वळत राहा. गाडी स्पष्ट आणि मागची झाडं-माणसं रेषा ओढल्यासारखी येतात. याला पॅनिंग म्हणतात. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर हाताने ठरवता येतं. डिजिटल झूम वापरू नका, फोटो फुटतो. शंभरातले पाच-सात फोटो जमले तरी समाधान माना, मोठ्या कॅमेऱ्यावाल्यांचंही असंच असतं.

सरावाला महामार्ग कशाला पाहिजे? गल्लीत सायकल चालवणारी पोरं, कबड्डीची चढाई, यावरही हात बसतो. शंकरपट तर आपल्याकडं आहेच. सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 च्या निकालात महाराष्ट्राचा कायदा मान्य केल्यापासून परवानगीनं आणि अटी पाळून शर्यती होतात. पण तिथंही पट्टीवर वाकून मोबाईल धरणारे दिसतात. बैलाला ब्रेक नसतो. आणि फ्लॅश तर अजिबात नको, जनावर बिथरतं.

खऱ्या गाड्यांच्या शर्यती बघायच्या तर आपल्या राज्यात मोठा फॉर्म्युलाचा ट्रॅक नाही. ते चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूर आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला आहेत. पण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात 28 जानेवारी 2024 ला मातीचे उंचवटे करून सुपरक्रॉसची मोटारसायकल लीग झाली होती. नाशिककडं रॅली होतात, त्यात गाड्या एकामागून एक वेळेवर सोडतात. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, आणि त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. आणि ज्या फुजीची गोष्ट वर सांगितली, तिथं 24 नोव्हेंबर 2019 ला जपान आणि जर्मनीच्या मालिकांची मिळून शर्यत झाली. ती जिंकणारा होता कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन, होंडाच्या गाडीत.

चालवायचीच असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचं स्पर्धेचं लायसन लागतं. आरटीओचं लायसन त्याला चालत नाही. सुरुवात बहुतेक जण गो-कार्टपासून करतात. खर्चिक खेळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सोयाबीनच्या पट्टीवर तो भागत नाही. बघायला आणि फोटो काढायला मात्र तिकिटापुरताच खर्च.

रस्त्यावरची शर्यत फुकट वाटते, पण तिचाही हिशोब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणं परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्ष आणि 10,000 पर्यंत. पोरगं अठराच्या आत असेल तर कलम 199-अ लागतं. त्यात बापाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर हे दोनदा वाचावं.

पुण्याला शर्यत बघायला जायचं ठरलं तर लातूर रोडवरून रेल्वे आहे, ट्रॅव्हल्सही आहेत. तिकिटावरचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी मोठी लेन्स आत नेऊ देत नाहीत. कानात घालायला कापूस, धुळीला गमजा आणि भरलेली पॉवर बँक सोबत ठेवा. जाळीतून फोटो काढताना मोबाईल जाळीला अगदी चिकटवून धरा, म्हणजे तारा फोटोत येत नाहीत.